किंग्स्टनच्या भूकंपाचे जुने फोटो पाहताना या चुका टाळा

१४ जानेवारी १९०७, सोमवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास जमैकाची राजधानी किंग्स्टन हादरली. मागोमाग आग भडकली. आठशे ते हजार माणसं गेली. ब्रिटिश वसाहतीतल्या या शहराच्या पडझडीचे फोटो आणि पोस्टकार्डं आजही फिरतात, पण खालची ओळ अनेकदा चुकीची असते.

पहिली चूक म्हणजे सगळा नाश धक्क्याच्या माथी मारणं. बंदराजवळची बाजारपेठ आगीनेही खाल्ली. हे ओळखायला भिंग घ्या आणि लाकूड शोधा. विटांच्या ढिगाऱ्यात वासे, दारं, फळ्या शाबूत दिसल्या तर आग तिथवर पोचली नव्हती. भिंती उभ्या, पण छप्पर, वासे काहीच नाही, लोखंड वेडंवाकडं वळलेलं आणि खिडक्यांच्या वर काजळी असेल तर ते आगीचं काम. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. तो नीट कळला नाही तर घरं कशामुळे पडली याचं उत्तरच चुकतं.

दुसरी चूक किंग्स्टनच्या बंदराच्या तोंडाशी असलेल्या पोर्ट रॉयल गावाची. तिथली कललेली ‘गिडी हाऊस’ १६९२ च्या भूकंपाची खूण म्हणून दाखवतात. ती तोफखान्याची कोठी १८८० च्या दशकात बांधली आणि १९०७ च्या धक्क्यात खालची वाळू खचून कलली. १६९२ मध्ये तर कॅमेराच नव्हता, त्यामुळे त्या वर्षाचा ‘फोटो’ असूच शकत नाही.

एप्रिल १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोही हादरून जळालं, म्हणून तिथले फोटो किंग्स्टनच्या नावावर खपतात. रस्त्याचा चढ बघा. तीव्र चढ दिसला तर शंका घ्या, कारण किंग्स्टनचा जुना भाग समुद्राकडे हळूहळू उतरतो. दुकानाची पाटी उलटी वाचावी लागत असेल तर फोटोची काचेची निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे, आधी फोटो आरशासारखा फिरवा. व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याच्या तोंडावरून मात्र दिशा ठरवू नका, कारण धक्क्याने तो चौथऱ्यावरच फिरला होता.

पोस्टकार्डावरचा टपालाचा शिक्का कार्ड पाठवल्याचा दिवस सांगतो, फोटोचा नाही. रंगही छापखान्यातले, त्यामुळे आकाशाच्या लालीवर आग मोजू नका.

आणि स्कॅन करताना कडा कापू नका. ढिगारा मधोमध असतो. डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई, अनवाणी पोरं, घराच्या जागेकडे बघत थांबलेली माणसं बहुधा कडेलाच असतात, आणि पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेलं एखादं नाव.