टीबी बरा झाल्यावर पुन्हा रक्त पडतंय? बुरशीचीही तपासणी करा

इंदूरमध्ये एप्रिल-मे म्हणजे वर्षाचा गहू भरायचे दिवस. घरोघरी गहू चाळून, निवडून कोठीत जातो. त्या धुळीत अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात. आकार २ ते ३ मायक्रॉन, म्हणून श्वासाबरोबर थेट फुप्फुसात खोल उतरतात. निरोगी फुप्फुस त्यांचा निकाल लावतं. टीबीनंतर पोकळी राहिली असेल, तर तिथे ते मुक्काम ठोकतात. अशा माणसाने गहू निवडायला बसूच नये.

या बुरशीमुळे होणाऱ्या आजाराची लक्षणं अशी: तीन महिन्यांहून जास्त खोकला, घटतं वजन, थकवा, बेडक्यात रक्त. ही लक्षणं टीबीचीही आहेत आणि घोळ इथेच होतो. नुसत्या एक्स-रेवर टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू करू नका. आधी बेडका सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणाऱ्या तपासणीला द्या. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. टीबी होऊन गेलेल्यात मेलेल्या जंतूंमुळेही अहवालात 'ट्रेस' (जंतूंचा अगदी पुसट अंश) येऊ शकतं, तेव्हा कल्चर करून, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून खात्री करावी. इंदूरच्या एमवाय किंवा मनोरमाराजे टीबी हॉस्पिटलमध्ये उपचार झाले असतील, तर तिथले जुने एक्स-रे सोबत न्या. पोकळीची भिंत जाड होत गेली का, हे जुनं-नवं शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

मग छातीचा सीटी. पोकळीत बुरशीचा गोळा आणि त्याच्या कडेने हवेची चंद्रकोर दिसली, तर संशय पक्का. सोबत रक्तातली अ‍ॅस्परजिलस आयजीजी (या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडं) करा. या आजारात सर्वांत उपयोगी तपासणी तीच. रक्तातलं गॅलॅक्टोमॅनन (बुरशीच्या पेशीभित्तिकेतला घटक) इथे बऱ्याचदा निगेटिव्ह येतं, त्यावर विसंबू नका. बेडक्याच्या कल्चरमध्ये बुरशी न उगवणंही नेहमीचंच.

डॉक्टर बहुधा बुरशीवरचं औषध इट्राकोनाझोल २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, किमान ६ महिने. चंडीगडच्या पीजीआयमधल्या चाचणीत १२ महिने औषध घेणाऱ्यांत आजार कमी वेळा उलटला. साधी कॅप्सूल भरपेट जेवणासोबतच घ्यायची. पॅन्टोप्राझोलसारखी आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर ही कॅप्सूल अंगी लागत नाही, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा. कॅप्सूलमधल्या दाण्यांचा दर्जा कंपनीगणिक बदलतो. दोन आठवड्यांनी, सकाळच्या डोसआधी, रक्तातली पातळी मोजून घ्या. १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास हवी. ब्रँड बदलला की पुन्हा मोजा.

टीबीच्या रिफाम्पिसिनसोबत इट्राकोनाझोल जवळपास निष्प्रभ होतं. टीबीच्या गोळ्या 'असू द्यात' म्हणून चालू ठेवल्या, की बुरशीचा उपचार वाया गेलाच. बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा श्वासाने ओढायचा पंप चालू असेल तर तेही सांगा, कारण त्यातलं स्टेरॉइड अंगात साठतं. पाय सुजले, धाप लागली, डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी दाखवा. लिव्हर आणि पोटॅशियमची तपासणी अधूनमधून लागतेच.

गोळा एकच असेल आणि फुप्फुसाची ताकद चांगली असेल, तर शस्त्रक्रियेने कायमचा निघू शकतो.

बेडक्यात रक्ताची रेघ दिसली तर रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडबद्दल विचारा. कपभर रक्त पडलं तर थांबू नका, १०८ बोलवा. पोकळी ज्या बाजूला आहे, त्याच कुशीवर रुग्णाला झोपवा, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात उतरणार नाही.