'उद्' उपसर्गाचे शब्द लिहिताना या चुका टाळा

उदय, उन्नती, उत्कर्ष, उड्डाण, उत्थान अशा, वर जाण्याचा अर्थ सांगणाऱ्या तत्सम शब्दांच्या आरंभी बहुधा 'उद्' हा एकच उपसर्ग असतो. पुढे येणाऱ्या वर्णाप्रमाणे तो इतकी रूपे पालटतो की लिहिणाऱ्याला त्याची ओळखच पटत नाही, आणि शुद्धलेखनाच्या पुष्कळशा चुका तेथूनच सुरू होतात. शालेय व्याकरणात तो बरेचदा 'उत्' असा दिलेला असतो. पाणिनीच्या सूत्रात मात्र 'उदः' असे रूप आहे, म्हणून येथे 'उद्' हेच रूप धरले आहे. शब्दाविषयी शंका आली की उपसर्ग सोडवून मागे काय उरते ते पाहावे, हा एकच उपाय खाली निरनिराळ्या शब्दांवर वापरून दाखवला आहे.

जोडाक्षरातले एक व्यंजन गाळणे

सर्वांत अधिक हाल होतात ते 'उज्ज्वल' या शब्दाचे. 'ज्वल' या भागात ज् आधीच आहे, त्यापूर्वीच्या 'उद्'मधल्या द् चाही ज् होतो, आणि म्हणून दोन ज् लिहिणे भाग पडते. 'उज्वल भविष्य' असे लिहिणारा उपसर्गाचे व्यंजनच खाऊन टाकतो. 'उध्वस्त' ही चूकही याच जातीची आहे, कारण मूळ शब्द 'ध्वस्त' आणि त्याला 'उद्' लागून 'उद्ध्वस्त' होतो. 'उस्फूर्त'मध्ये उपसर्गाचा त् हरवलेला असतो. स्फूर्त या शब्दाआधी द् चा त् झाला पाहिजे, तेव्हा 'उत्स्फूर्त' हेच रूप बरोबर ठरते.

येथे चिकित्सक वाचक विचारील की 'उत्स्फूर्त'मध्ये स् राहतो, तर 'उद्' आणि 'स्थान' मिळून 'उत्थान' होताना तो कोठे जातो. 'उदः स्थास्तम्भोः पूर्वस्य' (८.४.६१) हे पाणिनीचे सूत्र 'उद्'च्या पुढच्या केवळ स्था आणि स्तम्भ या दोन धातूंना लागू होते, आणि तेथेच स् लोप पावतो. उत्सव, उत्साह, उत्स्फूर्त यांना ते लागू नाही.

'उच्छ्वास' लिहिताना 'उश्वास', 'उच्छवास' असे नाना प्रकार पाहायला मिळतात. उपसर्गाच्या द् चा च् आणि 'श्वास'मधल्या श् चा छ् झाला, तरी व् जागच्या जागी राहतो आणि छ चा पाय मोडावाच लागतो. 'उच्छृंखल'मध्येही हेच घडते. त्यात 'शृंखला' दडलेली आहे.

याच्या उलट, जेथे द्वित्व नाही तेथे ते घालण्याचीही सवय आढळते. उपसर्गापुढे स्वर आला तर द् एकच राहतो, म्हणून उदय, उदार, उदाहरण, उदात्त. 'उद्दात्त' हे रूप बहुधा उद्देश, उद्दाम, उद्दीपन यांच्या वळणावर तयार होते. त्या शब्दांत दुसरा द मूळ धातूचा आहे, 'उदात्त'मध्ये तसा कोणताही द नाही.

द्ध, ध्द आणि द्घ

'उद्धार', 'उद्धृत', 'उद्धरण' या शब्दांत मूळ धातू 'हृ' आहे. द् नंतर आलेल्या ह् चा ध् होतो, त्यामुळे आधी द् आणि मग ध असाच क्रम पडतो. 'उध्दार' असे लिहिले की महाप्राण व्यंजन आधी आणि अल्पप्राण नंतर येते, जे उच्चारून पाहिल्यास जिभेलाही जमत नाही. टंकलेखन करताना द, हलन्त, ध याच क्रमाने कळा दाबाव्यात.

द्घ आणि द्ध यांची अदलाबदल ही तर निमंत्रणपत्रिकांची जुनी व्याधी आहे. 'उद्घाटन'मध्ये द च्या पोटाखाली घ जोडलेला असतो, त्याला गाठ नसते. ध ला डावीकडे वर छोटी गाठ असते. लहान टंकात हा फरक दिसेनासा होतो आणि 'उद्धाटन' छापून जाते, पुढे कोनशिलेवर कोरलेही जाते. जेथे संशयाला जागा आहे तेथे पायमोडका द वापरून 'उद्‌घाटन' लिहावे. युनिकोडमध्ये त्यासाठी हलन्तानंतर 'झिरो विड्थ नॉन-जॉइनर' हे अदृश्य चिन्ह द्यावे लागते.

'उद्' म्हणजे केवळ वर, असे समजणे

'उद्'चा अर्थ 'वर' इतकाच धरला तर निम्म्या शब्दांचा उलगडा होत नाही. 'बाहेर' आणि 'अलग' हेही त्याचे तितकेच जुने अर्थ आहेत. इंग्रजीतला 'आउट' आणि जर्मनमधला 'आउस' हे शब्द याच कुळातले आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्यात नवल वाटत नाही. उद्गार तोंडावाटे बाहेर पडतो. उद्यान ही मुळात बाहेर फिरायला जाण्याची जागा आहे. उच्छृंखल म्हणजे साखळीतून सुटलेला. 'उदासीन' म्हणजे अलग बसलेला. कौटिल्याच्या राजमंडलात संघर्षापासून दूर असलेल्या राजाला हीच संज्ञा आहे. म्हणून 'परीक्षेतील अपयशाने तो उदासीन झाला' या वाक्यात लेखकाला खिन्नता सांगायची असेल, तर 'उदास' किंवा 'खिन्न' लिहावे.

'उत्तर' आणि 'उत्तम' हेही याच 'उद्'ला 'तर' आणि 'तम' हे प्रत्यय लागून झालेले शब्द आहेत. एक अधिक वरचा, दुसरा सर्वांत वरचा. 'सर्वोत्तम' रूढ आहे आणि ते चालू द्यावे, परंतु 'सर्वांत सर्वोत्तम' आणि 'उत्तमतम' यांना कोणताही आधार नाही. जाता जाता, 'उत्कृष्ठ' हेही चूकच आहे: श्रेष्ठ, कनिष्ठ यांतला ष्ठ हा 'इष्ठ' प्रत्ययाचा आहे, तर 'उत्कृष्ट' हे कृष् धातूचे रूप असल्यामुळे त्यात ट येतो.

मराठमोळ्या शब्दांची कुळे चुकवणे

तद्भव शब्दांत हा उपसर्ग अधिकच झिजला आहे. उठणे, उडणे, उगवणे, उचलणे, उसळणे यांत तो निदान अर्थावरून ओळखता येतो. 'उघडणे' आणि 'उद्घाटन' हे मात्र एकाच मुळाचे आहेत, हे चटकन लक्षात येत नाही. 'उपजणे' आणि 'उपटणे' हे शब्द पाहताच त्यांत 'उप' उपसर्ग आहे असे वाटते. वस्तुतः ते अनुक्रमे 'उत्पद्यते' आणि 'उत्पाटयति' यांवरून आले आहेत. उलट 'उन्हाळा' हा उष्णकाळ आहे आणि 'उणा' हा 'ऊन'चा वंशज आहे, त्यांत 'उद्' शोधू नये.

सर्वांत मौजेचा शब्द 'उतरणे' हा आहे. त्याचे मूळ 'उद्' आणि तरणे या अर्थाचा तॄ धातू. 'उत्तरति' म्हणजे पाणी ओलांडून काठावर येतो, नावेवरून पायउतार होतो, आणि त्या पायउतार होण्यावरून मराठीत 'खाली येणे' हा अर्थ स्थिरावला. परीक्षेत 'उत्तीर्ण' होणारा आणि गाडीतला 'उतारू' हे दोघे या नात्याने भाऊबंद आहेत. 'उधार'चे मूळही 'उद्धार' आहे. सात पिढ्यांचा उद्धार करण्याचा मराठी प्रघात मात्र निराळा.

संगणकावर दुरुस्ती करताना

मजकुरात 'उध्' असा हलन्तासहित शोध घेतल्यास उध्वस्त, उध्दार, उध्दव, उध्दृत या चुका एका फेरीत सापडतात, कारण उ नंतर लगेच ध् चे जोडाक्षर येणारा शुद्ध शब्द मराठीत सहसा भेटत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना 'उद्योग'चा 'उदयोग' आणि 'उद्यान'चा 'उदयान' होतो, तेही शोधावे. मात्र 'उदयो'च्या जागी सरसकट 'उद्यो' घालण्याची आज्ञा संगणकाला देऊ नये. 'उदयोन्मुख' हा शब्द उदय आणि उन्मुख यांचा संधी आहे, त्यातला य पूर्णच राहिला पाहिजे, आणि 'उद्योन्मुख कलावंत' असे लिहिणारे आधीच पुष्कळ आहेत.