उन्हाळ्यात ब्रॉयलरला क्षार कसे, केव्हा आणि किती द्यावेत

माण-खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या शेडमध्ये मरतूक वाढते ती बहुतेक पाचव्या आठवड्यात. पक्षी दोन किलोच्या आसपास आलेला असतो आणि खाद्याचा जवळजवळ सगळा खर्च होऊन गेलेला असतो. मग धावपळ करून दुकानातून इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे क्षारांच्या तयार मिश्रणाची, पाकिटे आणली जातात. त्यांचा उपयोग होतो, पण उशिरा दिल्याने अर्धाच. क्षार हे आडव्या पडलेल्या कोंबडीला उठवणारे औषध नाही, ऊन चढण्याआधी तिच्या पोटात जायला हवी अशी शिदोरी आहे.

असे का, ते समजून घेऊ. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या घरात असते, आणि उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे मुख्य मार्ग एकच, धापा टाकणे. चोच उघडी, पंख अंगापासून सुटे, गळ्याखालची कातडी भराभर हलतेय, असा पक्षी दिसला की समजा, श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त निघून चालला आहे. त्याने रक्त अल्कधर्मी होते. तोल सावरायला मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकतात आणि त्याच्यासोबत पोटॅशियम, सोडियमही जातात. त्यातच पक्ष्याने खाणे कमी केलेले असते, म्हणून खाद्यातून होणारी भरपाईही थांबते.

पहिले काम : बोअरचे पाणी तपासा. हे काम टाळू नका. जत, आटपाडीकडे बोअर खोल गेलेत, आणि कृष्णाकाठी मिरज, पलूस, वाळवा भागात जमिनीच खारवट झाल्या आहेत. तिथल्या पाण्यात सोडियम, क्लोराईड आधीच भरपूर असू शकतात. त्यात आणखी क्षार ओतले तर पातळ विष्ठा, पक्ष्यांखालचा ओला भुसा आणि डोळ्यांना झोंबणारा अमोनिया हेच हाती येते. पाणी तपासणी प्रयोगशाळेतून सोडियम, क्लोराईड, सामू (पीएच) आणि एकूण क्षार यांचा अहवाल घ्या. पाणी खारट निघाले तर खाण्याचा सोडा टाळून फक्त पोटॅशियम द्यावे का, किंवा काहीच देऊ नये का, हे तो अहवाल दाखवून पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथेही विचारता येईल.

दुसरे : खाद्य कोणाच्या हातात आहे ते पाहा. करारावर पक्षी घेणाऱ्याला खाद्य कंपनीकडून येते. त्यात हाताने काहीही मिसळू नका. जस्त, सेलेनियम, क्रोमियम ही सूक्ष्म खनिजे उन्हाळ्यात महत्त्वाची असतात. जस्त आतड्याचे अस्तर आणि प्रतिकारशक्ती टिकवते, सेलेनियम ई जीवनसत्त्वाच्या जोडीने पेशींना सांभाळते. पण सेलेनियमचे प्रमाण टनाला साधारण ३०० मिलीग्रॅम, म्हणजे चिमटीत मावेल इतके. फावड्याने ढवळून ते सगळ्या खाद्यात सारखे कसे पसरणार? एका गोणीत जास्त गेले तर त्याचे विष होते. म्हणून कंपनीच्या सुपरवायझरला दोन प्रश्न विचारा : उन्हाळी प्रिमिक्स (जीवनसत्त्वे-खनिजांचे तयार मिश्रण) चालू केला का, आणि खाद्यात निकार्बाझिन आहे का? रक्ती हगवणीवरचे हे औषध कडक उन्हाळ्यात मरतूक वाढवते, ते बदलून मागा.

स्वतः खाद्य बनवत असाल तर आहारतज्ज्ञाला सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराईडचा ताळमेळ (सोडियम अधिक पोटॅशियम, उणे क्लोराईड) किलोला २०० ते २५० मिलीइक्विव्हॅलंट यादरम्यान बसवायला सांगा. मिठाचा काही भाग कमी करून तिथे सोडा घालतात तो यासाठीच.

तिसरे : पाण्यातले मिश्रण. पाणी गोडे असेल तर ५०० लिटरच्या टाकीला ५०० ग्रॅम खाण्याचा सोडा आणि ५०० ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड, म्हणजे लिटरला प्रत्येकी एक ग्रॅम. वजन काट्यावर करा, ओंजळीने नको. दोन्ही आधी बादलीत पूर्ण विरघळवा आणि खडा राहिला नाही ना ते हाताने चाचपून मगच टाकीत ओता. तयार इलेक्ट्रोलाइट वापरत असाल तर पाकिटावरचे प्रमाण पाळा आणि वर वेगळा सोडा घालू नका. आपल्याकडे उसासाठी घरोघरी पोटॅशची गोणी पडलेली असते. ती खताची आहे, पक्ष्याला तिच्यातला कणही द्यायचा नाही. पशुखाद्याच्या दर्जाचेच पोटॅशियम क्लोराईड घ्या.

सोड्याच्या पाण्यात आम्लवर्धक (पाण्याचा सामू उतरवणारे द्रव्य), क्लोरीन किंवा लस एकत्र करू नये. गुळाचे पाणी बरेच जण देतात. त्याने निपलच्या (चोचीने दाबून पाणी प्यायच्या तोट्यांच्या) लाइनीत चिकट थर बसतो, दिलेच तर त्याच रात्री लाइन धुऊन काढा.

चौथे : वेळ. क्षारांचे पाणी सकाळी नऊ-दहाला, धापा सुरू होण्याआधी चालू करा आणि पाच वाजता बंद करून साधे पाणी सोडा. दिवसरात्र देऊ नका. खाद्य दहा ते पाच वर उचलून ठेवा, कारण पचनाचीही उष्णता अंगात साठते. ती भूक पहाटे आणि रात्री दिवा लावून भागवा.

रक्त आधीच अल्कधर्मी असताना सोडा कशाला, असा प्रश्न पडेल. सोड्याने पक्षी पाणी जास्त पितो आणि बायकार्बोनेटची गंगाजळीही भरते. पण भर दुपारी पक्षी जोरात धापा टाकत असताना सोड्याचे प्रमाण वाढवणे चूक आहे. त्या वेळी पोटॅशियम क्लोराईड आणि थंड पाणी यांवरच भर हवा.

थंड पाणी हे तर मूळच. छतावरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते, आणि असे पाणी कोंबडी पीत नाही. मग त्यात कोणताही क्षार घातला तरी तो पोटात जाणार कसा? टाकीवर पाचटाची सावली करा, गोणपाट गुंडाळून भिजवत राहा, आणि दुपारी दर तासाला लाइनीच्या टोकाचा नळ सोडून तापलेले पाणी काढून टाका.

पाचवे : भुसा आणि आभाळ बघा. रोज संध्याकाळी ड्रिंकरखालचा भुसा मुठीत दाबा. गोळा झाला तर दुसऱ्या दिवशी मिश्रण निम्मे करा. सलग तीन-चार दिवस दिल्यावर एक-दोन दिवस खंड द्या. वळीव पडून गेल्यावर हवा दमट होते, फॉगर (पाण्याचे धुके सोडणारे फवारे) काम करीत नाहीत आणि मरतूक उलट वाढते. अशा दिवशी फॉगर बंद ठेवून पंखे जोरात लावा, पक्षी हळूच उठवून त्यांच्याखालची गरम हवा मोकळी करा. तापमान खरेच उतरले तर त्याच दिवशी सोडा थांबवा.