कॅनडाला कायमचं जाण्याआधी एकदा पाहून कसं यावं

पुण्यात टू बीएचके घ्यायचा तर माणूस चार वेळा साइटवर जातो. पाणी किती वाजता येतं ते वॉचमनला बाजूला घेऊन विचारतो. कॅनडाला मात्र अख्खं कुटुंब नोकऱ्या सोडून, गाडी विकून, कधीही न पाहिलेल्या शहरात उतरतं. तिकिटं महाग, व्हिसाची कटकट, आणि 'यूट्यूबवर सगळं दिसतंच की' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. पण फेब्रुवारीतल्या मंगळवारी सकाळी सात वाजता बसची वाट पाहताना कसं वाटतं, हे कुठल्याच व्हिडिओत कळत नाही.

पाहणीला जायचं ते न जाण्याची कारणं शोधायला. जाण्याची कारणं तुमच्याकडे आधीच भरपूर असतात, आणि एजंटकडे त्याहून जास्त.

कोणत्या टप्प्यावर जायचं ते आधी ठरवा

एक्स्प्रेस एंट्री, म्हणजे गुण लावून कायमच्या वास्तव्यासाठी (पीआरसाठी) माणसं निवडायची कॅनडाची पद्धत, २०१५ पासून सुरू आहे. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, पदव्यांचं मूल्यांकन, इच्छुकांच्या यादीत (पूलमध्ये) प्रोफाइल, निमंत्रण, मग पीआरचा अर्ज, असा तो क्रम. पाहणीची सगळ्यात स्वस्त वेळ म्हणजे हे सगळं सुरू करण्याआधीची, कारण तेव्हा मत बदललं तर फक्त प्रवासाचा खर्च जातो.

दुसरा मार्ग बरेच भारतीय वापरतात, त्याला आपल्याकडे 'सॉफ्ट लँडिंग' म्हणतात. पीआर मंजूर झाली की मुदतीच्या आत कॅनडात पाय ठेवायचा, कागदपत्रं पूर्ण करायची आणि काही आठवड्यांत परत येऊन इथली आवराआवर करायची. मुदत बहुधा मेडिकल तपासणीपासून वर्षभराची असते. याचा फायदा म्हणजे तुम्ही पाहुणे नसता. नोकरीसाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर काढता येतो, बँकेत नीट खातं उघडता येतं, घरमालकही जरा गांभीर्याने बोलतो. तोटा असा की घड्याळ सुरू होतं. पीआर टिकवायची तर दर पाच वर्षांत किमान दोन वर्षं, म्हणजे ७३० दिवस, कॅनडात राहावं लागतं.

माझं मत विचाराल तर, एकटं असाल आणि सॉफ्टवेअरमध्ये असाल तर सॉफ्ट लँडिंग पुरे. मुलं शाळेत असतील, किंवा नर्स, फार्मासिस्ट, डॉक्टर, शिक्षक अशा परवाना लागणाऱ्या पेशात असाल, तर अर्जाआधीच जाऊन या. आणि जोडीने जा. पाहणीला एकटा नवरा जातो, आणि पुढे तिथल्या लांबलचक हिवाळ्यात लहान मूल घेऊन घरात बसते बायको. हे गणित कुठेतरी चुकतं.

एक गैरसमज इथेच मिटवू. नुसतं फिरून आल्याने एक्स्प्रेस एंट्रीत एकही गुण मिळत नाही. सख्खा भाऊ किंवा बहीण तिथे पीआर किंवा नागरिक असेल तर १५ गुण मिळतात. मावसभावाचा उपयोग चहापुरता. पाहणीला अधिकृत किंमत आहे ती काही स्थानिक योजनांत. मॅनिटोबा प्रांतातल्या मॉर्डन या छोट्या शहराने आपल्या स्थलांतर योजनेत उमेदवाराने आधी येऊन शहर पाहून जावं, अशी अटच ठेवली होती. अशा योजना उघडतात आणि बंदही होतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या शहराच्या संकेतस्थळावर आजची स्थिती पाहा.

व्हिसाच्या अर्जात खरं लिहा

भारतीय पासपोर्टवर व्हिजिटर व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन करायचा. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, आणि बोटांचे ठसे व फोटो यांचे ८५. कुटुंबाने एकत्र अर्ज केला तर ठशांची फी जास्तीत जास्त १७०. ठसे दहा वर्षं चालतात. पूर्वी दहा वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा जवळजवळ गृहीत धरला जायचा. नोव्हेंबर २०२४ पासून तसं राहिलेलं नाही, किती मुदतीचा द्यायचा हे अधिकारी ठरवतो.

'पुढे पीआर करायची आहे' हे लिहिलं तर व्हिसा नाकारतील, या भीतीने लोक 'नायगारा पाहायचाय' एवढंच लिहितात. कॅनडाच्या कायद्यात दुहेरी हेतूची सोय आहे. पुढे कायमचं राहायची इच्छा असणं हे व्हिसा नाकारायचं कारण ठरत नाही. मात्र या खेपेला मुदतीत परत जाल, याची खात्री अधिकाऱ्याला पटली पाहिजे. तेव्हा सोबतच्या पत्रात सरळ लिहा: पाहणीसाठी जातोय, या तारखांना, या शहरांत, आणि परत येण्याची कारणं ही. नोकरीतून मंजूर झालेली रजा, मुलांची शाळा, घराचे कागद, आईवडिलांची जबाबदारी, जे असेल ते जोडा. खोटी माहिती पकडली गेली तर पाच वर्षांची बंदी येते, आणि मग पीआरही विसरा.

विमानतळावरही हाच नियम. विचारलं की खरं सांगा, थोडक्यात सांगा. साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहू देतात, पण शेवटचा शब्द समोरच्या अधिकाऱ्याचा. बॅगेत तीस बायोडेटाच्या प्रती आणि प्रेशर कुकरसकट सगळा संसार असेल, तर 'पाहायला आलोय' यावर तोही विश्वास ठेवणार नाही. व्हिजिटर म्हणून तिथल्या कोणाकडे काम करता येत नाही. ओळखीच्याच्या दुकानात 'दोन दिवस बसून बघतो' हेसुद्धा नको.

प्रवास विमा न चुकता घ्या. तिथली सरकारी आरोग्यसेवा पाहुण्यांसाठी नाही, दवाखान्याचं बिल आपल्या खिशातून जातं.

आणखी एक हिशेब. नोकरीची ऑफर आणि तिथे काम करायची परवानगी, हे दोन्ही हातात नसेल तर पीआरसाठी सहसा स्वतःकडे ठरावीक रक्कम दाखवावी लागते. २०२५ च्या तक्त्यात एकट्या अर्जदारासाठी ती १५,२६३ डॉलर होती, माणसं वाढतील तशी वाढते. खात्यात गेल्या सहा महिन्यांत सरासरी किती शिल्लक होती हेही बघतात. पाहणीचा खर्च त्याच खात्यातून करून शिल्लक खाली आणू नका.

ऋतू वाईट निवडा, शहरं दोनच

मे-जूनमध्ये कॅनडा कोणालाही आवडेल. मॅपलची पानं लाल होतात त्या ऑक्टोबरातही आवडेल. तुम्ही जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी घ्या. अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनला डिसेंबरच्या शेवटी सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. थंडीला कपडे असतात. या अंधारावर मात्र उपाय नाही, आणि त्याचा त्रास कोणाला होतो, कोणाला नाही, हे स्वतः राहिल्याशिवाय कळत नाही. व्हँकुव्हरला थंडी सौम्य, पण हिवाळाभर पाऊस. कोकणातला माणूस म्हणेल, पावसाचं काय एवढं? तिथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. आठवडेच्या आठवडे नुसता रिपरिपतो.

देश प्रचंड आहे. टोरांटोहून व्हँकुव्हर विमानाने पाच तास. 'एका दौऱ्यात पाच शहरं' हा सहलीचा बेत झाला. एक मोठं शहर आणि एक मध्यम, एवढंच घ्या: टोरांटोचा परिसर आणि कॅलगरी, किंवा टोरांटो आणि विनिपेग. विनिपेगला पार्किंगमध्ये जरा थांबून पाहा. गाड्यांच्या बॉनेटखालून विजेचा प्लग लोंबत असतो. कडक थंडीत रात्री गाडी प्लगला लावून इंजिन ऊबदार ठेवतात, नाहीतर सकाळी ती सुरू होईलच असं नाही. भाड्याचं घर पाहताना 'पार्किंगला प्लग आहे का' हा प्रश्न तिथे आपल्याकडच्या 'लिफ्टला बॅकअप आहे का' इतकाच नेहमीचा.

नातेवाइकांकडे उतरा, पण मुक्काम हलवा

पहिले दोन-तीन दिवस भावाकडे, मित्राकडे राहायला हरकत नाही. झोपेचं चक्र बसेपर्यंत घरचं वरणभात मिळालेलं बरं. पण संपूर्ण मुक्काम तिथेच केलात तर तुम्ही पाहाल ते त्यांचं दहा वर्षांनंतरचं आयुष्य: स्वतःचं घर, दोन गाड्या, गराजमध्ये बर्फ उपसायचं यंत्र. तुमचं पहिलं वर्ष तसं नसणार. उरलेले दिवस ज्या भागात आणि ज्या भाड्यात खरोखर राहाल, तिथे खोली घ्या. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसॉगाकडे अनेकांचं पहिलं घर बेसमेंटचं असतं. तसं एखादं बघाच. खिडकी किती मोठी, बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का, नगरपालिकेकडे नोंद आहे का, कपडे धुवायचे वार वाटून दिलेत का. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे घराची ऊब कमीजास्त करायचं बटण, कुठे आहे? बहुतेक तो वर मालकाच्या हॉलमध्ये असतो. म्हणजे तुमच्या घरात किती ऊब असावी हे मालकाला उकडतंय की नाही यावर ठरणार.

घर पाहताना मालकाला सरळ विचारा: नुकत्याच आलेल्या, इथे नोकरी आणि क्रेडिट स्कोअर नसलेल्या कुटुंबाला घर द्याल का, आणि द्याल तर कोणते कागद मागाल? चार-पाच जणांना विचारलंत की पहिल्या महिन्याचं चित्र स्पष्ट होतं. टोरांटोच्या ऑन्टारियो प्रांतात पहिल्या महिन्याबरोबर शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेता येतं, मोडतोडीसाठी वेगळं डिपॉझिट घेता येत नाही. प्रांत बदलला की हा नियमही बदलतो. घर न पाहता कोणालाही पैसे पाठवू नका, जाहिरातीतले फोटो कितीही सुंदर असोत.

कामाचा एक आठवडा जसाच्या तसा जगा

दौऱ्याचा गाभा हाच. सोमवार ते शुक्रवार, कामावर जायचं आहे असं समजून उठा. ब्रॅम्प्टनच्या खोलीपासून टोरांटोच्या डाउनटाउनपर्यंत सकाळच्या गर्दीत जा: चालत स्टॉप, बस, गो ट्रेन ही उपनगरी रेल्वे, युनियन स्टेशन, पुन्हा चालणं. नकाशावरचा वेळ धरू नका, दारापासून दारापर्यंतचा मोजा. फेब्रुवारी २०२४ पासून टोरांटो परिसरात 'वन फेअर' सुरू आहे, त्यामुळे गो ट्रेनवरून टोरांटो शहराच्या (टीटीसीच्या) बसमध्ये बदलताना दुसरं तिकीट पडत नाही. तिकिटाचं प्रेस्टो कार्ड घ्या आणि महिन्याचा खर्च काढा.

किराणा हॉटेलात राहून कळत नाही. नो फ्रिल्स, फ्रेशको, वॉलमार्ट आणि एखादं देशी दुकान फिरून आठवड्याचा बाजार खरोखर करा, स्वयंपाक करा, बिलं जपून ठेवा. ऑन्टारियोत दूध पिशवीत मिळतं. तीन पिशव्या मिळून चार लिटर. हा बहुधा एकमेव मुद्दा जिथे मराठी माणसाला लगेच घरी आल्यासारखं वाटेल. शेल्फवरच्या किमतीत कर नसतो. ऑन्टारियोत तो १३ टक्के, अल्बर्टात फक्त ५. मूळ किराण्यावर कर नाही, पण तयार खाणं, कपडे, मोबाइलचं बिल या सगळ्यावर आहे.

मुलं असतील तर शाळा बाहेरून पाहून येऊ नका. सरकारी शाळेतला प्रवेश राहत्या पत्त्यावर ठरतो. आधी ईमेल करून भेटीची वेळ मागा. लहान मुलांसाठी पाळणाघर हा वेगळाच विषय. ऑन्टारियोत अनुदानित केंद्रांची फी जानेवारी २०२५ पासून दिवसाला २२ डॉलरवर बांधली आहे, पण जागा मिळेपर्यंत थांबावं लागतं. दोन-तीन केंद्रांत जाऊन विचारा: आज नाव घातलं तर नंबर कधी लागेल? तसंच फॅमिली डॉक्टरचं. दवाखान्याच्या दारावर 'नवीन पेशंट घेत नाही' ही पाटी आहे की नाही, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

संध्याकाळी लायब्ररीत बसा. टोरांटोच्या सार्वजनिक वाचनालयाच्या १०० शाखा आहेत, आत जायला कार्ड लागत नाही. तिथल्या सूचनाफलकावर त्या वस्तीचा खरा चेहरा दिसतो.

लोकांना अवघड प्रश्न विचारा

टोरांटोत मराठी भाषिक मंडळ आहे. तिथल्या कार्यक्रमाला जा. पण 'कसं आहे इथे?' असं विचारलंत तर 'मस्त!' हेच उत्तर येणार. विचारायचं ते असं: पहिली नोकरी किती महिन्यांनी लागली? ती कोणती होती? तुमच्या शिक्षणाच्या कामाला यायला किती वर्षं गेली? कर, पेन्शन आणि रोजगार विमा कापून हातात किती येतं? पगाराचा आकडा सांगायला लोक कचरतात, टक्केवारी मात्र सांगतात.

परवाना लागणाऱ्या पेशातले असाल तर त्या प्रांताच्या नियामक संस्थेकडे लेखी चौकशी इथूनच सुरू करा, आणि तिथे गेल्यावर त्याच वाटेने गेलेल्या एकाला तरी भेटा. सल्लागाराकडे जाणार असाल, तर तो परवानाधारक आहे का हे कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या जाहीर यादीत तपासा. आणि परत येऊन पुण्या-नाशकात स्थिरावलेल्या एखाद्या कुटुंबालाही गाठा. तिकडे भेटतात ते सगळे टिकलेले. जे परतले त्यांची बाजू इकडेच ऐकायला मिळते.

परतल्यावर

लगेच निर्णय घेऊ नका, पण टिपणं लगेच लिहून काढा. दोघांनी वेगवेगळी लिहा आणि मग एकमेकांची वाचा. प्रवास, भाडं, बाजार, पाळणाघर यांचा महिन्याचा खर्च एका कागदावर मांडा आणि त्याशेजारी पहिल्या नोकरीचा, म्हणजे स्वप्नातल्या नव्हे तर लोकांनी सांगितलेल्या पहिल्या नोकरीचा, पगार लिहा.

बोर्डिंग पास, व्हिसाची प्रत आणि येण्याजाण्याच्या तारखा एका फाइलमध्ये ठेवा. पीआरच्या अर्जात गेल्या दहा वर्षांतल्या परदेशवाऱ्यांची तारीखवार माहिती द्यावी लागते, आणि ही वारीही त्यात येते.