कॅमेऱ्याच्या नजरेने आंबा उचलणारा यंत्रहात कसा उभारावा

रत्नागिरी-देवगडच्या बागांत हंगामात आंब्याची प्रतवारी माणसांच्या हातांनी होते आणि त्या तयार हातांपुढे पुढे वर्णन केलेला यंत्रहात बराच संथ ठरेल, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही पाहणे आणि हालचालीची आखणी यांची सांगड शिकायला हापूस हा उत्तम नमुना आहे. कारण कोणतीही दोन फळे तंतोतंत सारखी नसतात, ती एकमेकांवर रेलून पडलेली असतात आणि जास्त दाब पडला की फळ आतून खराब होते.

सामग्री मोजकीच लागते: सहा सांध्यांचा लहान यंत्रहात, मऊ रबरी बोटांचा ग्रिपर, रंगासोबत अंतरही मोजणारा डेप्थ कॅमेरा आणि आरओएस 2 (यंत्रमानवाचे भाग एकमेकांशी जोडणारी) व मूव्हइट (हाताच्या हालचालीची आखणी करणारी) या मुक्त प्रणाली बसवलेला संगणक. कॅमेरा आंब्यांच्या क्रेटच्या वर सुमारे 60 सेंमीवर, हलणार नाही अशा लोखंडी चौकटीला घट्ट बसवावा. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाची तिरीप दिवसभर सरकत असते, म्हणून वर स्थिर एलईडी दिवा लावावा. खाऱ्या, दमट हवेमुळे काचेवर धूसर थर साचतो. तो काम सुरू करण्यापूर्वी पुसावा.

यानंतरचे कॅलिब्रेशन हाच या कामाचा खरा गाभा आहे आणि नवशिके नेमके तेच उरकून टाकतात. कॅमेरा आंब्याची जागा स्वतःच्या अक्षांत सांगतो, तर हाताला ती स्वतःच्या बैठकीपासून मोजलेली हवी असते. या दोहोंमधील रूपांतर काढण्यासाठी ग्रिपरवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन छापलेला ताठ पत्रा बसवून हात पंधरा-वीस वेगवेगळ्या स्थितींत न्यावा, प्रत्येक वेळी छायाचित्र आणि सांध्यांचे कोन नोंदवावेत व मूव्हइटच्या कॅलिब्रेशन साधनाकडून गणित सोडवून घ्यावे. पत्रा केवळ सरकवू नये, वेगवेगळ्या अक्षांभोवती भरपूर वळवावा. नाहीतर उत्तर डळमळीत येते. कॅमेऱ्याच्या कोनात अर्ध्या अंशाची चूक राहिली, तर 60 सेंमी अंतरावर बोटे सुमारे 5 मिमी बाजूला उतरतात आणि खेटून बसलेल्या फळांत तेवढी चूक शेजारच्या आंब्याला ओरखडा काढायला पुरते.

फळे ओळखण्यासाठी योलो प्रकारचे, म्हणजे छायाचित्रातील वस्तू ओळखणारे संगणकीय प्रारूप आपल्याच शेडमधील छायाचित्रांवर शिकवावे. त्यांत हिरवी फळे, रंग धरलेली फळे, पाने आणि पेंढा हे सर्व असू द्यावे. फळाभोवती नुसती आयताकृती चौकट आखणारे प्रारूप घेऊ नये, फळाची कड आखून देणारे घ्यावे. चौकटीच्या कोपऱ्यांत शेजारच्या फळाचे बिंदू शिरतात आणि अंतर चुकते. कडेच्या आतील बिंदूंच्या अंतरांचा मध्यक घ्यावा, एकाच बिंदूवर विसंबू नये.

उचलायला सर्वांत वरचे आणि दोन्ही बाजूंनी मोकळे फळ निवडावे. बोटे लांबीच्या आडव्या दिशेने, पोटाच्या भागावर टेकवावीत आणि देठ टाळावा. तो मोडला की चीक सालीवर ओघळून डाग पडतो. पकडीचा अंदाज घ्यायचा तर 250 ग्रॅमचे फळ दोन बोटांत स्थिर धरण्यासाठी, घर्षणांक 0.5 मानल्यास, प्रत्येक बोटाचा दाब निदान 2.5 न्यूटन लागतो. हालचालीतील झटक्यांसाठी त्याच्या दुपटीने सुरुवात करावी.

मार्ग आखताना क्रेटच्या भिंती, टेबल आणि कॅमेऱ्याची चौकट हे सर्व अडथळे म्हणून आधीच नोंदवावेत. फळाच्या 10 सेंमी वर पोहोचेपर्यंतचा मार्ग आरआरटी-कनेक्ट या 2000 सालच्या, दोन्ही टोकांकडून यादृच्छिक फांद्या वाढवत वाट शोधणाऱ्या पद्धतीवर सोपवावा आणि तेथून खाली मात्र सरळ रेषेत, सावकाश उतरावे. उचलायच्या फळाला स्पर्शाची मुभा देण्यास विसरू नये. ते अडथळ्यांतच राहिले, तर मार्ग सापडत नाही आणि दोष उगाच कॅमेऱ्यावर येतो. पकडल्यावर ते फळ ग्रिपरला जोडलेले आहे असे नोंदवावे, म्हणजे परतीच्या मार्गात त्याचाही आकार धरला जातो.

पहिल्या चाचण्या वेग दहा टक्क्यांवर ठेवून, आपत्कालीन बटण हाताशी ठेवूनच कराव्यात. एक फळ निघाले की बाकीचा ढीग घरंगळतो, म्हणून प्रत्येक उचलीनंतर नवे छायाचित्र घ्यावे. बोटे पूर्ण मिटली, तर पकड सुटली असे समजून दुसरे फळ निवडावे आणि सलग तीनदा तसेच घडले, तर हात थांबवून आधी कॅलिब्रेशन तपासावे.