मिरकरवाड्याची जीप आणि जाम झालेला ड्रॉप आर्म

दहावीनंतर आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि रत्नागिरीतल्या एका गॅरेजमध्ये अप्रेंटिस म्हणून लागलो. पहिल्याच पावसाळ्यात एक जुनी महिंद्रा जीप आली. मिरकरवाडा बंदरातून मासळीचे क्रेट वाहणारी. धक्क्यावर साचलेल्या खाऱ्या पाण्यातून तिची रोजची ये-जा, त्यामुळे खालचं सगळं लोखंड तांबडं झालेलं. स्टिअरिंग बॉक्समधून ऑइल गळत होतं, सील बदलायचं होतं. त्यासाठी बॉक्समधून बाहेर येणाऱ्या सेक्टर शाफ्टवरचा ड्रॉप आर्म, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा, निघायला हवा होता. तो जागचा हलेना.

मी नट काढून बाजूला ठेवला आणि शाफ्टच्या टोकावर हातोडा घातला. तिसऱ्या घावाला मिस्त्रींनी माझं मनगट धरलं. "अरे, आर्म गेला तर दुसरा मिळेल. शाफ्ट गेला तर गाडी महिनाभर इथेच उभी राहील. कशावर मारतोयस ते बघ आधी."

नव्याने या कामात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. जाम झालेल्या भागाला हात लावण्याआधी काय वाचवायचं आणि वेळ पडली तर काय जाऊ द्यायचं, हे ठरवा. शाफ्टच्या टोकावर घातलेला घाव तिथेच थांबत नाही, तो आत बॉक्समधल्या बेअरिंग आणि कव्हरपर्यंत जातो. वर टोक चेपून आटे बसतात ते वेगळंच.

आर्म एवढा घट्ट का बसतो, हे समजलं की हात आपोआप सावध होतो. शाफ्टवर बारीक दाते असतात आणि ते टेपरमध्ये, म्हणजे टोकाकडे निमुळते होत गेलेले असतात. नट आवळला की आर्म त्या उतारावर चढून रुतून बसतो. नट सोडला तरी रुतलेलं तसंच राहतं. त्यात गंज धरला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि दात्यांमधली उरलीसुरली फटही भरून काढतो.

मग मिस्त्रींनी मला सगळं पहिल्यापासून करायला लावलं. पुढची चाकं सरळ केली. जॅकवर भरवसा न ठेवता चेसिसखाली दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लावल्या. तारेच्या ब्रशने गंज खरवडला. आर्म आणि शाफ्ट दोघांवरून जाईल अशी एकच खूण छिन्नीने केली आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवला. ही खूण विसरलात आणि आर्म एक दाता पुढे-मागे बसला, तर गाडी सरळ चालताना स्टिअरिंग वाकडं राहतं आणि एका बाजूला कमी वळतं. नंतर गंज सोडवणारं ऑइल मारून जेवायला गेलो, आल्यावर पुन्हा मारलं. ऑइलला आत झिरपायला वेळ लागतो, तो द्यावाच लागतो.

पुलर म्हणजे आर्मला मागून पकडून स्क्रूच्या जोरावर ओढून काढणारं हत्यार. तो लावण्याआधी नट परत चारपाच आटे चढवला. आर्म सुटतो तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. नट जागेवर असला तर तो तिथेच अडतो. पुलरचा स्क्रू शाफ्टच्या मध्यावर टेकवून आवळला. गॉगल हवाच, आणि तोंड पुलरच्या समोर नको.

ताण पुरेसा आल्यावर पाना ठेवला आणि हातोडे घेतले. जड हातोडा आर्मच्या गोल डोक्याला मागून टेकवून धरायचा, समोरून दुसऱ्याने ठोकायचं. अशाने डोकं क्षणभर दबतं आणि टेपरची पकड मोडते. टायरॉड एंड, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचे सांधे, काढतानाही हीच युक्ती चालते. फाळ्याच्या, म्हणजे फटीत ठोकायच्या दुबेळक्यासारख्या हत्याराने ते पटकन निघतात, पण त्यांच्यावरचं रबर फाटतं. तो एंड परत वापरायचा असेल तर फाळा नको.

संध्याकाळपर्यंत आर्म निघाला नाही. मी गॅस लावू का म्हणून विचारलं. मिस्त्री नाही म्हणाले, आणि आज माझ्या गॅरेजमध्ये मीही नाहीच म्हणतो. आर्म घडवलेल्या, उष्णता देऊन कठीण केलेल्या पोलादाचा असतो. लाल होईपर्यंत तापवला की त्याची ताकद जाते, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. घाटात तो तुटला तर ड्रायव्हरच्या हातात नुसतं चाक उरतं. शिवाय ऑइल भिजलेल्या जागी ज्योत नेणं म्हणजे आगीला बोलावणं. आर्म टाकूनच द्यायचा असेल तर ग्राइंडरने त्याच्या डोक्याला चीर पाडावी, दात्यांच्या थोडं अलीकडे थांबावं आणि छिन्नीने चीर फाकवावी.

पुलर ताणलेलाच ठेवून आम्ही घरी गेलो. सकाळी पाव फेरा आवळला, दोन घाव घातले, आणि टणकन आर्म सुटून नटावर आदळला. दात्यांमधून तपकिरी भुगा खाली माझ्या बाहीवर पडला.

तो पूर्ण दिवस मी शाफ्टवर घालवला. माझ्या तीन घावांनी टोकाचा पहिला आटा चेपला होता. बारीक कानसीने कड साफ केली, मग आटे नीट करणारी डाय फिरवली, अर्धा फेरा पुढे, पाव मागे, तेल देत देत. सील बदलून झालं, खुणेला खूण लावून आर्म चढवला, नवा वॉशर घातला. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून मधून दोन्हीकडचे फेरे मोजले, सारखे भरले. नट बोटांनीच शेवटपर्यंत फिरला, तेव्हा मिस्त्रींनी टॉर्कचा पाना माझ्या हातात दिला.