आधी अर्ज, मग गवगवा

नवीन काही बनवलंत की पहिला मोह होतो तो चार लोकांना दाखवायचा. तिथेच थांबा. पेटंट मिळायला वस्तू नवी असावी लागते, आणि तुम्ही स्वतःच तिचा व्हिडिओ टाकलात किंवा ती प्रदर्शनात मांडलीत तर ती नवी उरत नाही. काही देश असं दाखवल्यानंतरही अर्ज करायला थोडी मुदत देतात, युरोपात ती जवळपास नाहीच. कुणाला दाखवणं भागच असेल तर आधी गोपनीयतेचा लेखी करार करून घ्या.

समजा, एका हाताने उघडणारं बाटलीचं झाकण तुम्ही केलंत. आतली खिट्टी कशी सरकते ते पेटंटचं काम, झाकणाचं रूप डिझाइन नोंदणीचं, नाव ट्रेडमार्कचं. माहितीपत्रकातला मजकूर मात्र लिहिला की लगेच कॉपीराइटखाली येतो. नुसती कल्पना यांतल्या कशातच बसत नाही. हे अनेकांना फार उशिरा कळतं, याची मला खरंच हळहळ वाटते.

पेटंट अर्जाच्या तारखेपासून साधारण २० वर्षं, आणि जिथे घेतलं तिथेच चालतं. पहिल्या अर्जानंतर १२ महिन्यांत पॅरिस करारातल्या (हवामानाचा नव्हे, पेटंट-ट्रेडमार्कसारख्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या देशात अर्ज केलात तर तिथेही पहिल्या अर्जाचीच तारीख धरता येते. ती तारीख ठळक लिहून ठेवा.